वसईचा गोन्सालो गार्सिया नक्की कुणाचा संत?

कॅनडात राहणाऱ्या एका वसईकर बाईंनी विचारलंय. त्यांचा मुलगा यंदा दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) घेतोय आणि संताचं नाव म्हणून त्याने गोन्सालो निवडलंय. त्यावरून घरात वाद सुरू आहेत. आजोबांचं म्हणणं, तो पोर्तुगीज होता, आपला नव्हे. आत्या सांगते की पहिली भारतीय संत अल्फोन्सा, मग हा कुठला? मुलाने स्वतः शोधलं तर त्याला लग्नं जुळवणारा, गिटार वाजवणारा कुणी गोन्सालो सापडला. बाईंचा प्रश्न सरळ आहे: हा माणूस नक्की कोण, आणि त्याची मध्यस्थी, म्हणजे देवाकडे आपल्यासाठी त्याने करायची विनंती, कशासाठी मागायची?

मी वसईत धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो आणि किल्ला बघायला येणाऱ्यांना फिरवतो. हे सगळे प्रश्न मला किल्ल्यात फिरताना हमखास ऐकू येतात, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. लिहिताना मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे. घरच्या संताला आपण असंच बोलतो.

आधी त्या गिटारवाल्याचा निकाल लावू. तो गोन्सालो द अमरांत, तेराव्या शतकातला, पोर्तुगालच्या अमरांत गावचा, डॉमिनिकन धर्मसंघातला. त्याचा सण 10 जानेवारीला. लग्न जमावं म्हणून लोक त्याच्याकडे जातात आणि ब्राझीलमध्ये त्याच्या नावाचा नाचही आहे. तो रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेला, नव्हता. गोव्यात जेसुइट या कॅथलिक धर्मसंघाचा प्रांतप्रमुख राहिलेला आणि 1561 मध्ये आफ्रिकेत मोनोमोतापाच्या राज्यात मारला गेलेला गोन्सालो द सिल्व्हेरा हा आणखी तिसरा. मुलाला सांगा, शोधताना ‘गार्सिया’ जोडल्याशिवाय शोधायचंच नाही.

आता आपला गोन्सालो. वसई 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी, म्हणजे 1556-57 च्या सुमारास, याचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच, वसईची. हे आईचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत तिच्यामुळेच होणार आहे. शिक्षण जेसुइटांच्या शाळेत झालं. किल्ल्यात येशूच्या पवित्र नामाचं जे चर्च आहे, दर्शनी भागावर खांब, कमान आणि वर आय-एच-एस ही येशूच्या नावाची अक्षरं कोरलेली, ती जागा जेसुइटांची. आज लोक त्यालाच गोन्सालो गार्सियाचं चर्च म्हणतात. बरेच जण ऐकतात आणि समजतात की ते त्याने बांधलं किंवा त्याच्यासाठी बांधलं. तसं काही नाही. तो तिथला विद्यार्थी, नाव मागाहून पडलं.

सेबास्तियांव गोन्साल्व्हिस नावाच्या जेसुइट फादरांनी त्याला 1572 मध्ये जपानला नेलं. वय जेमतेम पंधरा. तिथे तो आठेक वर्षं जेसुइटांच्या हाताखाली राबला. लोकांना धर्मशिक्षण द्यायचं, फादर बोलतील ते जपानीत सांगायचं, पडेल ते काम करायचं. भाषा त्याने अशी उचलली की लोकांमध्ये तो सहज मिसळून जाई. त्याला जेसुइट व्हायचं होतं. घेतलं नाही. त्या काळात जेसुइट संघ भारतात जन्मलेल्यांना आणि मिश्र रक्ताच्यांना सहसा घेत नसे. माझ्या मते नकाराचं मूळ तिथेच असावं, पण ते माझं मत झालं.

पुढचा भाग वर्गात सांगितला की पोरं जागी होतात. नाकारला गेल्यावर गोन्सालो व्यापारी झाला. मकाव, जपान, मनिला अशा फेऱ्या सुरू झाल्या आणि धंद्याने चांगला जम धरला. जपानी येणारा, पोर्तुगीज येणारा, दोन्हीकडची माणसं ओळखणारा तरुण त्या समुद्रावर पैसे कमावणारच. मग मनिलात त्याची फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाशी गाठ पडली. मनिला स्पॅनिश, वसई पोर्तुगीज, पण 1580 पासून दोन्ही मुकुट एकाच राजाच्या डोक्यावर होते, त्यामुळे ये-जा चालायची. गोन्सालोने धंदा सोडला आणि अनवाणी फ्रान्सिस्कनांच्या संघात तो ब्रदर झाला. फादर नव्हे, ब्रदर. आपल्याकडे भाषणांतून ‘फादर गोन्सालो गार्सिया’ सर्रास ऐकू येतं. त्याला याजकीय दीक्षा कधीच मिळाली नव्हती.

एव्हाना जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशीच्या हातात आली होती. त्याने 1587 मध्येच पाद्रींना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला होता, पण तो सैलपणे पाळला जात होता. 1592 मध्ये त्याने मनिलाला निरोप धाडला की शरण या. गव्हर्नर गोमेझ पेरेझ दासमारिन्यासने वेळ काढायचं ठरवलं आणि वकील, म्हणजे राजदूत, म्हणून फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता यांना पाठवलं. सोबत आणखी तीन फ्रान्सिस्कन, त्यातला एक आपला गोन्सालो, कारण जपानी त्याच्याइतकी कुणालाच येत नव्हती. 1593 मध्ये भेट झाली ती क्यूशू बेटावरच्या नागोयात. आज नकाशावर ठळक दिसणारं मोटारगाड्यांचं नागोया वेगळं. हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली होती आणि तिचा तळ क्यूशूच्या नागोयात होता.

हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला अर्ध्या जगाला धमकावणारा माणूस, दुसऱ्या बाजूला जाडाभरडा झगा घातलेले अनवाणी फ्रान्सिस्कन, आणि मध्ये दुभाषा, वसईच्या बाईचा मुलगा. वकील बोलतो स्पॅनिशमध्ये, पण हिदेयोशीच्या कानावर पडतो तो गोन्सालोचा आवाज. शरणागतीला होकार द्यायचा नाही आणि त्या माणसाला भडकवायचंही नाही, ही कसरत प्रत्येक वाक्यागणिक त्याला करायची होती. ते जमलं म्हणायचं, कारण फ्रान्सिस्कनांना राहायची परवानगी मिळाली. क्योतोत त्यांनी मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळं काढली.

इथे एक गोष्ट आपल्या प्रवचनांतून गाळली जाते, ती सांगायला हवी. पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1585 मध्ये जपानचं धर्मकार्य फक्त जेसुइटांकडे राखून ठेवलं होतं. फ्रान्सिस्कन आले ते वकील म्हणून, आणि राहिले. जेसुइटांना ते खुपलं. जेसुइट जपून, आवाज न करता काम करत होते. फ्रान्सिस्कन उघड्यावर, झग्यात, रस्त्यावर. दोन्ही संघांची धुसफूस कागदोपत्री भरपूर सापडते. गोन्सालो दोन्ही घरचं अन्न खाल्लेला होता. एकाने दारातून परत पाठवलेला, दुसऱ्याने आत घेतलेला. शेवटी क्रुसावर दोन्ही संघांची माणसं शेजारी शेजारी होती.

ठिणगी पडली 1596 च्या ऑक्टोबरात. मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं ‘सान फेलिपे’ हे मालाने खच्चून भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला, तोसा प्रांतात उराडोजवळ लागलं. माल जप्त झाला. जहाजाच्या सुकाणूवाल्याने म्हणे नकाशा दाखवत बढाई मारली की आमचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मागून फौज. हे तो खरंच बोलला की कुणी त्याच्या तोंडी घातलं, यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. हिदेयोशीला कारण मिळालं एवढं खरं. डिसेंबरात क्योतो आणि ओसाकाच्या घरांभोवती पहारे बसले.

पकडलेले चोवीस होते. 3 जानेवारी 1597 रोजी क्योतोत त्यांचे कान कापले. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. अंमलबजावणी करणाऱ्या इशिदा मित्सुनारीने तो डाव्या कानाच्या तुकड्यापर्यंत खाली आणला. मग गाड्यांवर बसवून शहरातून धिंड. क्योतो, ओसाका, साकाई. नंतर भर थंडीत नागासाकीकडे, महिन्याभराचा रस्ता, बराचसा पायी. लोकांनी बघावं आणि घाबरावं हाच हेतू. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघा ख्रिस्ती माणसांनाही पहारेकऱ्यांनी त्यांच्यात ढकललं, म्हणून चोवीसाचे सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेसुइट, बाकी सतरा साधे प्रापंचिक लोक. त्यात तिघे तर मुलगेच होते: लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनिओ तेरा, तोमास कोझाकी चौदा. तोमासने वाटेत आईला पत्र लिहिलं होतं. ते पोचलं नाही, त्याच्याबरोबर मेलेल्या बापाच्या अंगावर रक्ताने माखलेलं सापडलं.

5 फेब्रुवारी 1597, नागासाकीची निशिझाका टेकडी. क्रूस आधीच आणून जमिनीवर मांडून ठेवलेले. टेकडीवर पोचल्यावर आधी पुढे सरसावला तो गोन्सालो. तो थेट एका क्रुसापाशी गेला आणि विचारलं, “हा माझा का?” पहारेकरी म्हणाला, नाही. त्याला दुसऱ्याकडे नेलं. तिथे तो गुडघ्यांवर आला आणि त्या लाकडाला त्याने मिठी मारली. मग बाकीच्यांनीही तसंच केलं. मी हा प्रसंग सांगताना आवाज चढवत नाही, कारण त्यातला प्रश्न इतका साधा आहे. आयुष्यभर इतरांच्या वतीने बोललेला माणूस त्या टेकडीवर स्वतःसाठी विचारत होता, आणि तेही बहुधा जपानीतच.

चित्रांत खिळे दाखवतात. तिथे खिळे नव्हते. हातापायांना आणि गळ्याला लोखंडी कड्या, अंगाला दोर. क्रूस उभे केल्यावर पावलो मिकी या जपानी जेसुइटाने वरूनच प्रवचन दिलं. मग भालेकरी आले, दोन बाजूंनी एकेक भाला. गोन्सालो चाळीसच्या आसपास होता.

आता संतपदाचं. पोप आठवे अर्बन यांनी 1627 मध्ये त्यांना धन्यवादित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली. पुढचं पाऊल पडायला मात्र 235 वर्षं लागली. जपान बंद होता, तिथून काही हलत नव्हतं. देश पुन्हा उघडल्यावर, 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संत घोषित केलं. त्यामुळे आत्याबाईंचं उत्तर असं: अल्फोन्सा 2008 मध्ये संत झाल्या आणि त्या भारतातल्या पहिल्या महिला संत. गोव्यात बाणावलीला जन्मलेले जोसेफ वाझ 2015 मध्ये. गोन्सालो या दोघांच्या दीडशे वर्षं आधीचा. भारतात जन्मलेल्यांमध्ये अधिकृतपणे संत घोषित झालेला तो पहिला, असं मी बिनदिक्कत सांगतो. हे विसरलं का गेलं? कारण तो एकटा संत झाला नाही. त्या सव्वीसांची ओळख ‘जपानचे रक्तसाक्षी’ अशी, आणि चर्चच्या दिनदर्शिकेत 6 फेब्रुवारीला नोंद असते ‘संत पावलो मिकी आणि सोबती’ अशी. आपला माणूस त्या ‘सोबती’त बसलाय. 5 तारीख आधीच संत आगाथाची आहे म्हणून सण एक दिवस पुढे.

आणि आजोबांचा आक्षेप? त्याला उत्तर द्यायला मला ब्राझीलला जावं लागेल, कारण हा वाद तिथे भर चर्चमध्ये लढला गेलाय.

अठराव्या शतकातल्या, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या ब्राझीलमध्ये माणसाची जागा कातडीच्या रंगावरून ठरायची. गोऱ्यांचे भक्तसंघ वेगळे, काळ्यांचे वेगळे. गोरा बाप आणि काळी किंवा मूळनिवासी आई असलेल्यांना ‘पार्दो’ म्हणत. ते ना इकडचे ना तिकडचे. काळ्यांकडे त्यांच्या रंगाचे संत होते, बेनेदितोसारखे. पार्दोंकडे कुणी नव्हतं. त्यांना गोन्सालो गार्सिया सापडला. पेर्नांबुको प्रांतात रेसिफे शहरात, पार्दोंच्या लिव्रामेंतो चर्चमध्ये, 1745 च्या सप्टेंबरात त्यांनी थाटामाटात त्याचा उत्सव केला. गोऱ्यांतून लगेच सूर निघाला: पार्दो संत कसा असेल? हा तर पोर्तुगीजाचा मुलगा! तेव्हा जाबोआतांव या फ्रान्सिस्कनाने 12 सप्टेंबरला प्रवचनातून त्याची वंशावळच मांडली. बाप पोर्तुगीज, मान्य. पण आई वसईची, तिथल्या मातीतली. म्हणजे तो पार्दोच, आणि संत व्हायला रंग आड येत नाही. ते प्रवचन 1751 मध्ये लिस्बनला छापलं गेलं. त्याच्या लांबलचक शीर्षकात ‘त्यांच्या रंगाचा संत’ असे शब्द आहेत.

विचार करा. वसईतल्या एका बाईचं नावही इतिहासाने टिपलं नाही, पण समुद्रापलीकडे तिच्या जातकुळीवर प्रवचन छापलं जातं आणि तिच्या रंगामुळे हजारो लोकांना आपला म्हणावा असा संत मिळतो. त्या वेळी तो अधिकृतरीत्या संत झालेलाही नव्हता, फक्त धन्यवादित होता. अर्बन पोपांच्याच 1630 च्या नियमाप्रमाणे एखाद्या जागेचा आश्रयदाता निवडायचा तर तो पूर्ण संत हवा आणि रोमची मान्यता हवी. पार्दोंनी कुणाची वाट पाहिली नाही. पुढे त्याच्या नावाची चर्चं ब्राझीलभर उभी राहिली. आलागोआसमध्ये पेनेदोला पार्दोंनी बांधलेलं एक आहे, मिनासमध्ये सांव जोआंव देल-रेईत एक. रिओ द जानेरोच्या मध्यवस्तीतल्या चर्चमध्ये तो संत जॉर्जबरोबर राहतो. खरं सांगायचं तर तिथे जॉर्जने त्याला झाकून टाकलंय. 23 एप्रिलला लोटणारी गर्दी जॉर्जची असते.

म्हणून आजोबांना सांगा, तो पोर्तुगीज की आपला हा प्रश्न पावणेतीनशे वर्षांपूर्वी आईच्या बाजूने सोडवला गेलाय, आणि सोडवणारे वसईला कधी आलेही नव्हते.

वसईत मात्र त्याची आठवण उशिरा रुजली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, संघांची चर्चं ओस पडली आणि झाडांनी वेढली. गावोगावचे ख्रिस्ती टिकले, पण किल्ल्याशी जोडलेली स्मृती पातळ झाली. 1862 नंतर ती हळूहळू परतली. आता गासचं चर्च त्याच्या नावाचं आहे, वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत त्याला आपला आश्रयदाता मानतो. किल्ल्यातल्या त्या चर्चमध्ये त्याच्या सणाची मिस्सा होते. एरवी शांत असलेल्या त्या भिंतींत त्या दिवशी मराठी गीतं घुमतात.

जपानमध्येही त्याचा मुक्काम पक्का आहे. नागासाकीचं ओउरा चर्च याच सव्वीसांना वाहिलेलं आहे आणि बांधताना त्याचं तोंड निशिझाकाकडे ठेवलं. चर्च नवंकोरं असताना, 17 मार्च 1865 रोजी, काही गावकरी आत शिरले आणि फ्रेंच फादरांच्या कानाशी हळूच म्हणाले की आमचंही मन तुमच्यासारखंच आहे. सात पिढ्या लपून श्रद्धा जपलेले ख्रिस्ती असे उजेडात आले. टेकडीवर 1962 पासून फुनाकोशी या शिल्पकाराचं काशाचं शिल्प आहे, सव्वीसही जण एका रांगेत, पाय जमिनीवरून सुटलेले. कधी नागासाकीला गेलात तर मुलाला तिथे नक्की न्या.

राहिला मध्यस्थीचा प्रश्न. इंटरनेटवर प्रत्येक संताला खाती वाटून दिलेली दिसतात, हा हरवलेल्या वस्तूंचा, तो घशाच्या दुखण्याचा. गोन्सालोकडे असं एखाद्या धंद्याचं किंवा आजाराचं अधिकृत खातं नाही. कुणी छापलेलं दिसलं तर फार मनावर घेऊ नका. त्याचा आश्रय जागांना आणि माणसांना आहे: वसईला, आणि एकेकाळी ब्राझीलच्या पार्दोंना. दुभाषे आणि भाषांतरकारांचा संत म्हणून जेरोमचं नाव रूढ आहे, ते तसंच राहू द्या. पण परक्या देशात, दुसऱ्याच्या भाषेत दिवस काढणाऱ्या वसईच्या मुलाने गोन्सालोकडे काय मागावं, हे त्याला कुणी शिकवायला लागेल असं मला वाटत नाही. ज्या संघात जायचंय तिथे प्रवेश नाकारला गेलेल्यांनाही मी त्याच्याकडे पाठवतो. हे माझं वैयक्तिक, चर्चचं नव्हे.

एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या तिथल्या फादरांना हे नाव बहुधा माहीत नसेल, आणि नोंदवहीत नुसतं ‘गोन्सालो’ लिहिलं तर ते अमरांतचा समजतील. अर्जावर ‘संत गोन्सालो गार्सिया, रक्तसाक्षी, 6 फेब्रुवारी’ असं पूर्ण लिहा. त्यांनी पुरावा मागितला तर पावलो मिकींच्या सोबत्यांची यादी काढायला सांगा. फ्रान्सिस्कनांच्या सहा नावांत तो मिळेल.